टेक्सासमधल्या बशा आणि पचमढीतल्या बशा

माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये एमएस करतो. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये तो बशा धुतो, टेबलं पुसतो, पिझ्झाचे रिकामे खोके उचलतो. विद्यार्थी व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तास कॅम्पसवर काम करता येतं, ते सगळे वीस तास तो भरतो. राजेंद्र नगरमध्ये आमच्या गल्लीत याचं केवढं कौतुक! "बघा, तिकडे कामाची लाज नसते." "मुलगा स्वावलंबी झाला." मावशी त्याचा एप्रन घातलेला फोटो सगळ्यांना दाखवते.

गेल्या उन्हाळ्यात मी पचमढीला एका हॉटेलात आठ आठवडे काम केलं. बशा उचलल्या, चादरी मोजल्या, चहा पोहोचवला. परत आलो तेव्हा त्याच गल्लीतल्या एका काकांनी बाबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी काही अडचण आहे का? संकोच करू नका हो."

बशी तीच. मावसभावाच्या बशीला डॉलर लागतात, माझ्या बशीला रुपये. पण एकीचा फोटो होतो आणि दुसरीची चौकशी होते, हे मला अजून पचलेलं नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात अगदी साधी झाली. दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला आणि सुट्टीत काय, हा नेहमीचा प्रश्न आला. पर्यायही नेहमीचे: स्पर्धा परीक्षेची बॅच, कॉम्प्युटरचा क्लास, नाहीतर पुण्याच्या आत्याकडे पंधरा दिवस. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीचं पचमढीला हॉटेल होतं आणि सीझनपुरती माणसं हवी होती. महिना नऊ हजार, राहणं-खाणं तिथंच. मी जातो म्हणालो. बाबा म्हणाले, "हॉटेलात? वेटर म्हणून?" आईने काहीच म्हटलं नाही, याचा अर्थ तिलाही पटलं नव्हतं.

वाद मिटवला आजीने. तिचं माहेर नागपूरचं. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, आणि पचमढी त्या प्रांताची उन्हाळी राजधानी. ऊन तापलं की सरकार डोंगरावर जायचं. साहेब गेले की फायली जायच्या आणि फायलींबरोबर कारकून. आजीचे वडील अशाच कारकुनांपैकी. आजी म्हणाली, "माझे बाबा दर उन्हाळ्यात पचमढीला जायचे, ते काय हवा खायला? कामालाच जायचे. आमच्या घरात पचमढी म्हणजे वडील घरात नसणं. जाऊ दे त्याला." पणजोबांनी पचमढीत धूपगढचा सूर्यास्त पाहिला की नाही हे आजीला माहीत नाही. पण तिथून आणलेलं चारोळ्यांचं पुडकं तिला आठवतं.

रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी पिपरियाला उतरलो. मे महिन्यातलं पिपरिया म्हणजे आठ वाजताच तापलेला तवा. तिथून पन्नासेक किलोमीटर वर. मटकुलीला देनवा नदी ओलांडली की घाट लागतो, आणि अर्ध्या घाटात जीपमधल्या लोकांचा आवाज बदलतो. खाली भांडत असलेलं कुटुंब वर "आहाहा" करायला लागतं. मी मात्र खिशातला कागद चाचपत होतो. आल्याबरोबर कोणाला भेटायचं ते त्यावर लिहिलेलं होतं.

पचमढी मी आधी "पाहिली" होती. नववीत शाळेच्या सहलीत दीड दिवसात बारा पॉइंट. जटाशंकर, पांडव गुफा, हांडी खोह, बी फॉल, राजेंद्रगिरी (नाव आमच्याच नगरासारखं म्हणून सगळ्यांनी पाटीखाली फोटो काढला होता), आणि संध्याकाळी धूपगढ. तेव्हा लिहिलेला सहलीचा निबंध माझ्याकडे अजून आहे. त्यात "निसर्गाची मुक्त उधळण" हे शब्द तीनदा आलेत आणि एकाही माणसाचा उल्लेख नाही. गावात माणसं राहतात हे नववीतल्या मला दिसलंच नव्हतं. जिप्सीवाला, मक्याचं कणीस भाजणारी बाई, हॉटेलातला पोऱ्या, सगळे जणू आमच्या सहलीसाठी सकाळी मांडून ठेवले होते आणि संध्याकाळी कोणीतरी आवरून ठेवणार होतं.

त्या आवरून ठेवण्याच्या बाजूला या वेळी मी होतो.

आमचं हॉटेल बावीस खोल्यांचं. सकाळी साडेपाचला उठायचं. सहाला पहिला चहा. साडेसातपासून नाश्ता. दहाला चेक-आउट, एकला चेक-इन. मधल्या तीन तासांत बावीस खोल्या पुन्हा "नव्या" करायच्या. हे तीन तास म्हणजे युद्ध. चादर ताणून बसवायला दोन माणसं लागतात आणि चौथ्या दिवसापर्यंत मला कोपरा जमला नाही. टॉवेल मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे. एक टॉवेल कमी भरला तर आधी तो कोणाच्या पगारातून कापला जाणार ते ठरायचं, शोध नंतर. माझ्या हातून पहिल्या आठवड्यात ट्रे पडला. सहा कप, सहा बशा. महिनाअखेर पैसे कापले गेले. किती कापले जातील हे कामाला लागताना कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ही चूक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

स्वयंपाकघर उस्तादांचं. पन्नाशीचे, रीवाकडचे, तोंडात कायम सुपारी. त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "इंदौर के हो? तो पोहे में कमी बताओ." खरंच होतं. इंदूरहून आलेला प्रत्येक पाहुणा पहिला घास घेऊन मान हलवायचा. मी सांगितलं, पोहे कढईत नुसते झाकून ठेवू नका, खाली पाणी उकळत ठेवून वाफेवर ठेवा, बडीशेप घाला, वरून जीरावन आणि शेव. जीरावन मी घरून मागवलं. त्यानंतर उस्ताद मला "इंदौर" म्हणूनच हाक मारायचे. माझ्या दोन वर्षांच्या बी.ए.चा तिथे कोणालाही उपयोग झाला नाही, पोह्यांचा झाला.

आता या लेखातल्या मुख्य गोष्टीकडे येतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरचं एक कुटुंब उतरलं. आजोबा, दोन मुलगे, सुना, नातवंडं. मी आणि माझ्याच वयाचा एक कोरकू मुलगा, आम्ही दोघं त्यांना जेवण वाढत होतो. (त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही.) त्यांच्यात मराठीत मोकळेपणाने चाललं होतं. "ह्याला दोनदा सांगावं लागतं, बावळटच दिसतो." "आणि तो दुसरा बघ, हात तरी धुतले असतील का?" मी बावळट आणि तो दुसरा. मी वरण वाढता वाढता म्हणालो, "काकू, हात धुतलेत. आणि भात अजून आणू का?"

टेबलावर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. मग एकदम सगळे हसले. "अरे! मराठी का तू? आडनाव काय? इंदूरला कुठे? राजेंद्र नगर? अहो, आमच्या वहिनींचं माहेर तिकडेच!" दोन मिनिटांत मी "पोऱ्या"चा "बाळ" झालो. आजोबांनी कोणत्या कॉलेजला, काय शिकतोस विचारलं. "सुट्टीत काम करतोस? शाब्बास. आमची बघ, मोबाइल सोडत नाहीत." जाताना काकूंनी बळेबळे शंभर रुपये हातात कोंबले.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री भांडी लावताना मात्र लक्षात आलं की तो दुसरा तिथेच उभा होता. त्याचे हातही धुतलेले होते. त्याला कोणी आडनाव विचारलं नाही, कोणी शाब्बास म्हटलं नाही. मी माणूस ठरलो तो काम केलं म्हणून नाही. मी "आपल्यातला" निघालो म्हणून. आणि मला हेही आठवलं की छप्पन दुकानला मित्रांबरोबर बसतो तेव्हा प्लेट आणणाऱ्या मुलाकडे मी स्वतः किती वेळा वर मान करून पाहिलंय. एकदाही नाही.

तो मुलगा मटकुलीकडच्या एका लहान गावातला. ही त्याची तिसरी सीझन. मंगळवारी आम्हा दोघांना अर्धा दिवस सुट्टी असायची. माझी खरी पचमढी मी त्या मंगळवारांत पाहिली, आणि पायी पाहिली. शहरातल्या आमच्यासाठी झाडं म्हणजे "झाडं". त्याने मला साल आणि सागवान वेगळे दाखवले. दोन्ही जंगलं या डोंगरांत एकमेकांना भेटतात, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. अचारची फळं खाऊन आत निघते ती चारोळी, हेही मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. आजीचं पुडकं या झाडाचं होतं. माहुलच्या वेलीच्या पानांच्या पत्रावळी, शेकरूचं घरटं, मोहाची फुलं वेचायला पहाटे का जायचं, सगळं त्याला येत होतं आणि ते कोणत्याही मार्कशीटवर नव्हतं.

मे महिन्यात त्याची आई आणि बहीण तेंदूपत्ता तोडायला जायच्या. पन्नास पानांची एक गड्डी. हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. २०२४ पासून मध्य प्रदेशात मानक बोऱ्याचा दर ४००० रुपये आहे. हिशेब सोपा आहे: गड्डीला चार रुपये, पानाला आठ पैसे. पॉइंटवर आपण वीस रुपयांचा चहा "डोंगर आहे, महाग असणारच" म्हणून पितो. तेवढ्या पैशांसाठी कोणीतरी अडीचशे पानं तोडून, निवडून, मोजून, बांधून फडावर नेलेली असतात. हा हिशेब मला वर्गात कोणी घालून दिला नव्हता, त्याने चौरागढच्या पायऱ्या चढताना सहज सांगितला.

चौरागढचीही गोष्ट सांगतो. तेराशेच्या वर पायऱ्या आणि वर महादेव. देवळाबाहेर त्रिशूळांचे ढीग. हातभर लांबीपासून दोन-दोन माणसांनी खांद्यावर आणलेल्या त्रिशुळांपर्यंत. नवस फेडायला महाशिवरात्रीला लोक ते वाहून आणतात. मी वाकून वाकून नावं वाचत होतो आणि एकामागून एक मराठी आडनावं, विदर्भातली गावं. श्रावणात नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारची यात्रा भरते, तिलाही विदर्भातून आणि छिंदवाड्याकडून माणसं लोटतात, डोंगरवाटांनी पायी चालतात. म्हणजे मराठी माणूस पचमढीला पर्यटक म्हणून यायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून तो इथे अनवाणी येतोय. आमच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना हे माहीत नसतं, आणि यात्रेतल्या माणसाला आमच्या हॉटेलचा दर परवडत नाही.

पचमढीचा "शोध" कॅप्टन जेम्स फॉर्सिथने लावला, असं प्रत्येक गाइड सांगतो. फॉर्सिथने इथे १८६२ साली बायसन लॉज बांधला, मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं त्याचं पुस्तक १८७१ साली निघालं, ते खरंच. पण शोध कसला? इथल्या गुहांत घोडेस्वार, शिकारी, मध काढणारी माणसं रंगवलेली आहेत, ती हजारो वर्षं कोणाची वाट बघत होती? गोंड आणि कोरकू इथेच होते. राजा भभूतसिंहांचं नाव आता सरकारी कार्यक्रमांत ऐकू येतं. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले तेव्हा त्यांना साथ देणारे म्हणून इथली माणसं भभूतसिंहांची गोष्ट सांगतात. फॉर्सिथ आला तो मोकळ्या डोंगरात नाही, नुकत्याच जिंकलेल्या डोंगरात. नंतर छावणी आली, बंगले आले, १८७५ साली ख्राइस्ट चर्च उभं राहिलं. त्याच्या रंगीत काचांमधून दुपारी जो उजेड आत पडतो तो बघायला मी तीन मंगळवार गेलो. सुंदर आहेच. पण तो घडीव दगड वाहिला कोणी, हा प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नाही. चादरी ताणायला लागल्यापासून मला प्रत्येक नीटनेटक्या गोष्टीमागे दोन माणसं दिसतात.

इथे कोणी म्हणेल, झालं, दोन महिने कपबशा धुतल्या आणि तत्त्वज्ञान आलं. हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्याहून कडक आक्षेप मीच घेतो.

पहिला: मी परत येऊ शकत होतो. जून संपला, पाऊस आला, धबधब्यांकडच्या वाटा निसरड्या झाल्या, गर्दी ओसरली आणि मी पिशवी भरून राजेंद्र नगरला आलो. माझ्यासाठी तो "अनुभव" होता, त्याच्यासाठी ती रोजीरोटी. दोन्हींना एकच शब्द वापरू नये.

दुसरा जास्त टोचणारा आहे. पंधराव्या दिवशी मालकांनी मला रिसेप्शनवर बसवलं. कारण काय, मला इंग्रजी येतं, कॉम्प्युटर येतो आणि "चेहरा ठीक आहे". पगार एक हजाराने वाढला. जेवणाच्या वेळी गर्दी असली की वाढायला मात्र जावं लागायचं, नागपूरच्या टेबलावर मी होतो तो तसाच. तो तीन सीझन काम करून बशांवरच होता. त्याला खोल्यांचे नंबर तोंडपाठ, नळ कुठला गळतो ते माहीत, पाहुण्यांना हवी ती प्रत्येक वाट माहीत. मी काही बोललो नाही. मालकांना म्हणू शकलो असतो की बुकिंगचं रजिस्टर मी त्याला शिकवतो, दोघं आलटून पालटून बसतो. सुचलं ते इंदूरला आल्यावर. तोही काही बोलला नाही, फक्त त्या रात्री म्हणाला, "अब तो साहब हो गए." तो हसत होता. मी पण हसलो, आणि मग बराच वेळ झोप आली नाही.

म्हणजे मी तिथे जाऊन सगळं बरोबर केलं असं नाही. तरीही माझं म्हणणं आहे की आपण जावं. कॉलेजातल्या प्रत्येकाने, जमेल त्याने, एक उन्हाळा अशा गावी काम करावं. कारण ही टोचणी घरी बसून लागली नसती. स्पर्धा परीक्षेच्या बॅचमध्ये मी "मध्य प्रदेशातील सर्वोच्च शिखर: धूपगढ, १३५२ मीटर" आणि "पचमढी जैवावरण क्षेत्र: १९९९, युनेस्कोच्या यादीत २००९" हे पाठ केलंच असतं. उद्या आपल्यातला कोणी खरंच अधिकारी झाला आणि तेंदूपत्त्याची, जंगलाच्या वाटांची किंवा हॉटेलांच्या पाण्याची फाइल त्याच्या टेबलावर आली, तर त्याला फक्त आकडे आठवावेत की त्या आकड्यांखालची माणसंही?

पाण्यावरून आठवलं. बी फॉलला जमुना प्रपात म्हणतात, आणि पचमढीला पिण्याचं पाणी याच प्रवाहातून मिळतं. वर चिप्सची पाकिटं टाकणारा आणि खाली हॉटेलात "पाणी स्वच्छ आहे ना?" विचारणारा पाहुणा बऱ्याचदा एकच असतो. मी त्याला दोन्हीकडे पाहिलंय.

आता कामाचं बोलू. नव्या शिक्षण धोरणात आपल्याकडे २०२१ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप करावी लागते. आपण सगळे जाणतो की त्यातल्या कितीतरी इंटर्नशिपा शिक्क्यापुरत्या असतात. ओळखीच्या ऑफिसात दोन चकरा आणि एक सर्टिफिकेट. त्यापेक्षा हॉटेलातल्या आठ आठवड्यांना, होम-स्टेच्या कामाला, वनविभागाच्या तिकीट खिडकीवरच्या मदतीला कॉलेजने इंटर्नशिप म्हणून का मोजू नये? माझ्या काही अटी आहेत, त्या माझ्या चुकांतून आलेल्या आहेत.

एक, फुकट काम करू नका. "शिकायला मिळतंय ना" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. तुम्ही फुकट राबलात की तुमच्या शेजारी पगारावर काम करणाऱ्याची किंमत उतरते. दोन, ठरलेलं लिहून घ्या: पगार, कामाचे तास, सुट्टी, फुटलेल्या बशीचे पैसे कोण देणार. तीन, सहा आठवड्यांच्या आत परत येऊ नका. पहिले दोन आठवडे पाय दुखण्यात जातात, तिसऱ्यात रडू येतं, दिसायला लागतं ते चौथ्यानंतर. चार, जे तुम्हाला येतं ते तिथल्या कोणालातरी शिकवून या. हे मी केलं नाही.

मुलींचं काय, हा प्रश्न माझ्या बहिणीने विचारला आणि तो विचारायलाच हवा. मला आजीच्या एका वाक्यावर परवानगी मिळाली. तिला मिळाली नसती. आई-बाबांची काळजी खोटी नाही. पण तिचं उत्तर "नको" हे असू नये. चार-पाच मुलींचा गट, कॉलेजने आधी जाऊन बघितलेली जागा, सोबत एखाद्या मॅडम, एवढं झालं तर अर्ध्या घरांचा नकार गळून पडेल. सहलीसाठी आपण एवढं करतोच की. सहलीला बस ठरते, परवानगीचे फॉर्म भरून घेतले जातात, तेच कामासाठी का होऊ नये?

आणि ज्यांना काम करायला जमणार नाही, ते पाहुणे म्हणून तर जातीलच. त्यांना एवढंच सांगणं: खोली सोडताना ओले टॉवेल पलंगावर टाकू नका, गादी भिजते आणि ती उचलून वाळवणारा एकटा असतो. चहा आणणाऱ्याचं नाव विचारा. आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका, कोणत्याही भाषेत. तो मराठी नसला तरी.

परत आल्यावर एक रविवार टेक्सासचा व्हिडिओ कॉल लागला. सगळे सोफ्यावर. मावसभावाने विचारलं, "एका ट्रेमध्ये किती न्यायचास?" मी म्हणालो, "आठ कप, आठ बशा. सहा फोडल्यात." तो म्हणाला, "आमच्याकडे मशीन धुतं, पण उष्टं आधी हातानेच काढावं लागतं. पहिल्या महिन्यात मला वासाने जेवण जायचं नाही. आईला सांगू नकोस." मावशी आमच्या मागेच बसली होती. पंधरा मिनिटं आम्ही दोघं बशांवरच बोललो आणि बाबा पेपर खाली ठेवून ऐकत होते. त्यांनी काही म्हटलं नाही. पण त्यानंतर काकांनी पुन्हा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "अडचण काही नाही. कामाला गेला होता." बाबांच्या तोंडून "कामाला" हा शब्द मी माझ्यासाठी पहिल्यांदा ऐकला.

ऑगस्टमध्ये पचमढीहून फोन आला होता. नागद्वारच्या यात्रेची गर्दी, पाऊस, उस्तादांचे गुडघे, सगळी खबर त्याने दिली. तो अजून बशांवरच आहे. बुकिंगचं रजिस्टर कसं भरतात ते मी त्याला फोनवर थोडं थोडं सांगतोय. फोनवर शिकवणं अवघड आहे, समोर बसून तासाभरात झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी परत जाणार आहे. कोणाला यायचं असेल, खरंच यायचं असेल, तर मंडळाच्या बैठकीनंतर थांबा. आपण यादी करू, मग सरांशी आणि मॅडमशी बोलू. काकांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा.